टेंभुर्णीचा रफार

१८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि कुर्डुवाडीच्या मागे एक कायमचे काम लागले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ साडेपाच फुटी, बार्शीचे अडीच फुटी. एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर चालणे शक्यच नव्हते, म्हणून एका गाडीतले पोते हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या गाडीत जायचे. १९०६ला ही छोटी रेल्वे पंढरपूरला पोहोचली, १९११ला लातूरला, १९२७ला मिरजेला. १९५४च्या १ जानेवारीला सरकारने ती ताब्यात घेतली, तरी चढउतार चालूच राहिली. रूळ रुंद व्हायला या शतकाचे पहिले दशक उजाडावे लागले.

या रेल्वेचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा मोठा अवलिया माणूस. (विमानातून उडी मारण्यासाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री बनवणारा कॅलथ्रॉप तो हाच.) बार्शीसाठी त्याने कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही असे धरून इंजिनापासून डब्यापर्यंत सगळे नव्याने आखले. पुढे १९०४ साली इंग्लंडातल्या लीक अँड मॅनिफोल्ड या अडीच फुटी रेल्वेवर त्याने वेगळीच युक्ती केली. मोठ्या रुळांवरचा अख्खा डबाच त्याने छोट्या रुळांवरच्या एका सपाट गाडीवर चढवला. पोते हलवायची गरजच उरली नाही.

म्हणजे रूळ वेगळे असले की मार्ग तीन. माल उतरवून पुन्हा चढवा, नाहीतर डबाच डब्यावर घ्या, नाहीतर रूळ उखडून नवे टाका. संगणकाच्या जगात हे तिन्ही मार्ग वापरात आहेत आणि त्यातल्या पहिल्याला, म्हणजे हमालीला, ‘पोर्टिंग’ म्हणतात. एका ऑपरेटिंग सिस्टीमसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीवर नेऊन चालता करायचा. मी टेंभुर्णीचा. कुर्डुवाडी इथून वीसेक किलोमीटर. पुण्यात काही वर्षे प्रोग्रामरची नोकरी केली, आता घरी बसून तेच काम करतो आणि त्यातला बराच वेळ या हमालीत जातो. या लेखात तिचा इतिहास एकाच पोत्याच्या अंगाने पाहायचा आहे. ते पोते म्हणजे आपली देवनागरी.

नऊ खुणा, एक गाव

आधी पोत्यात काय आहे ते पाहू. ‘टेंभुर्णी’ हा शब्द संगणकात साठवला जातो तेव्हा तिथे चित्र नसते, आकड्यांची ओळ असते. ट, एकाराची मात्रा, अनुस्वार, भ, उकार, र, हलन्त, ण, दीर्घ ईकार, अशा नऊ खुणा, उच्चाराच्या क्रमाने. आता हे नऊ आकडे आले तसे एकामागे एक चितारले तर काय दिसेल? भुच्या पुढे पाय मोडलेला र आणि त्यापुढे सुटा णी. वाचणारा अडखळेल. बरोबर दिसायचे तर त्या र्‌ ने आपली जागा सोडून णीच्या काठीवर रफार होऊन बसायला हवे. ‘पिंपळनेर’ लिहिताना ऱ्हस्व इकार साठवला जातो प च्या नंतर, दिसला पाहिजे प च्या आधी. इंग्रजी अक्षरांना असली उठबस करावी लागत नाही. म्हणून इंग्रजीसाठी बनवलेल्या यंत्राला ही उठबस कोणीतरी शिकवावी लागते.

हे शिकवलेले ज्ञान ज्या प्रोग्राममध्ये राहते त्याला लायब्ररी म्हणतात. ती एकटी काही करत नाही. दुसरे प्रोग्राम तिला विचारतात, “या नऊ खुणा आहेत, या फॉन्टातले कोणते तुकडे कुठे ठेवू?” आणि ती उत्तर देते. ब्राउझर तिला विचारतो, पत्र लिहायचा प्रोग्राम तिलाच विचारतो. या अक्षर जुळवणाऱ्या लायब्ररीचा लेखक एक, ऑपरेटिंग सिस्टीमचा दुसरा आणि ती वापरणारा तिसराच. म्हणून ती ‘तिऱ्हाइताची’.

मराठीच्या वाट्याला नेहमीच्या नियमांवर आणखी काही गोष्टी येतात. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना आणि शिकवणाऱ्या आचार्यांना वेगळे ठेवायचे तर ऱ्य आणि र्य ही दोन रूपे वेगळी हवीत. समुद्र असलेला दर्या आणि डोंगरातल्या दऱ्या यांचेही तेच. हा आडवा, पापणीसारखा र हिंदीला लागत नाही, त्यामुळे हिंदीपुरते पाहून देवनागरी आली असे समजणाऱ्याच्या तो नजरेतून सुटतो. मग आपला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श. २००९च्या शासननिर्णयात या रूपांची नोंद झाली, पण संगणकाला ती मिळायची तर हा मजकूर मराठी आहे हे लायब्ररीला सांगावे लागते. कोड तोच असतो, भाषेप्रमाणे आकार बदलतो. आणि ‘ॲ’. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधीची लायब्ररी किंवा फॉन्ट कोणी तसाच उचलून नेला तर ‘ॲप’मधल्या ॲच्या जागी चौकोन दिसतो.

कार्डापासून हार्फबझपर्यंत

भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले. तिथल्या प्रयत्नांतून जिस्ट हे तंत्र घडले, मोहन तांबे हे त्यातले प्रमुख नाव. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि जिस्ट तिच्याकडे आले. त्या काळी डॉसवर चालणाऱ्या संगणकात एक जादाचे कार्ड बसवायचे. इंग्रजीसाठी लिहिलेला हिशेबाचा किंवा नोंदींचा प्रोग्राम आपल्या समजुतीप्रमाणे पडद्यावर अक्षरे टाकायचा आणि ते कार्ड मध्येच ती पकडून भारतीय लिपीत उमटवायचे. प्रोग्रामला पत्ताही नसायचा. मला ही कल्पना आजही फार आवडते. कारण इथे कोणाचा प्रोग्राम बदलावा लागत नव्हता, हमाली नव्हती. पण ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः चित्रे काढू लागली तेव्हा मध्ये अडवायला जागा उरली नाही आणि कार्डाचे दिवस संपले.

त्याच परंपरेतून भारतीय लिप्यांसाठी इस्की ही सांकेतिक व्यवस्था आली. १९९१ साली तिला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली, आयएस १३१९४. युनिकोडने देवनागरीचा पट्टा आखला तो १९८८च्या इस्कीच्या आधाराने. म्हणजे जगातला प्रत्येक फोन आज देवनागरी ज्या क्रमाने साठवतो त्याची आखणी आपल्याकडची आहे.

दरम्यान बाजाराने वेगळी वाट धरली होती. वर्तमानपत्रे, छापखाने, दिवाळी अंक यांना थांबायला वेळ नव्हता. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळूरची आकृती अशी पॅकेजे आली. त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. छपाई सुंदर झाली, पण फाइलीत साठले ते मराठी नव्हते. फॉन्ट काढून घेतला की उरते ती इंग्रजी अक्षरांची खिचडी. आमच्या गावातल्या एका डीटीपीवाल्याकडे लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका अशा फाइलींनी भरलेली जुनी हार्ड डिस्क आहे. ती उघडणारे पॅकेज नव्या संगणकावर चालत नाही. काही फॉन्टांचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते, पण प्रत्येक फॉन्टाची मांडणी वेगळी, आणि त्याच्याकडच्या एका फॉन्टाची मांडणी कुणालाच ठाऊक नाही. दोन-तीन दशकांचा मराठी मजकूर महाराष्ट्रभर असा पडून आहे. छापील प्रत आहे तोवर तो आहे.

मायक्रोसॉफ्टने २००० सालच्या विंडोजमध्ये अक्षरजुळणीची युनिस्क्राइब ही लायब्ररी देवनागरीसकट दिली. सोबतचा मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशी यांचा, मुंबईच्या आयआयटीत अक्षरकला शिकवणारे सुलेखनकार. पण युनिस्क्राइब विंडोजच्या पोटात होती. ती बाहेर काढून दुसरीकडे नेता येत नव्हती, तिचे नियम उघड नव्हते. लिनक्सकडे स्वतःचे काही हवे होते.

इथून पुढची गोष्ट म्हणजे हमालीचीच साखळी आहे. फ्रीटाइप या फॉन्ट वाचणाऱ्या लायब्ररीच्या पहिल्या आवृत्तीत अक्षरजुळणीचा एक भाग होता. दुसऱ्या आवृत्तीत तो गळाला. तो टाकलेला भाग पँगो आणि क्यूटी या दोन प्रकल्पांनी वेगवेगळा उचलला आणि आपापल्या घरी वाढवला. पँगोमधले भारतीय लिप्यांचे नियम आले आयबीएमच्या आयसीयू या लायब्ररीतून, म्हणजे तेही उचलून आणलेलेच. मग दोन्ही घरांतल्या प्रती एकत्र करायचे ठरले आणि त्यातून २००६च्या सुमारास हार्फबझ जन्मली. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडे, ‘ओपनटाइप’चे केलेले फारसी. जुन्या मराठीतला ‘हरफ’ तो हाच. काही वर्षांनी बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या कॅनडियन प्रोग्रामरने ती मुळापासून पुन्हा लिहिली. भारतीय लिप्यांसाठी त्याने जी पद्धत वापरली ती आपल्या अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. व्याकरणाची पुस्तके घेऊन तो बसला नाही. विकिपीडियातून लाखो शब्दांच्या याद्या काढल्या, त्या युनिस्क्राइबकडून आणि हार्फबझकडून जुळवून घेतल्या आणि जिथे उत्तर वेगळे आले तो शब्द तपासला. मराठी विकिपीडियावर रात्री जागून लेख लिहिणाऱ्यांनी असेही एक काम नकळत करून ठेवले आहे.

फॉन्टाच्या बाजूने पुण्याचा हात मोठा. रेड हॅटने २००४च्या सुमारास खुले केलेले लोहित फॉन्ट पुण्यात घडले आणि कंपनीच्या पुण्यातल्या भाषा-गटाने ते पुढे अनेक वर्षे सांभाळले. सुरुवातीला लोहित हिंदी आणि लोहित मराठी हे वेगळे होते, ते यासाठीच की लायब्ररीला भाषा विचारायची सोय सगळीकडे नव्हती. फॉन्टाचे नाव बदलले की ल बदलायचा.

आज हार्फबझ फायरफॉक्समध्ये आहे, क्रोममध्ये आहे, अँड्रॉइडमध्ये आहे, लिबरऑफिसमध्ये आहे. अँड्रॉइडचे पहिले फोन आले तेव्हा मराठी संदेशाच्या जागी चौकोन दिसायचे, ते वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. देवनागरी तिथे नीट आली ती २०११च्या ४.० आवृत्तीपासून.

खोल्या आणि किल्ल्या

मग आता नवे काय आणि कशासाठी? यासाठी ऑपरेटिंग सिस्टीमच्या रचनेबद्दल थोडे सांगावे लागेल.

आपण वापरतो त्या बहुतेक ऑपरेटिंग सिस्टीम एका मोठ्या दालनासारख्या आहेत. गाभ्याचे सगळे काम, म्हणजे डिस्क, नेटवर्क, पडदा, कळफलक, एकाच दालनात चालते आणि एकाने चूक केली तर छत सगळ्यांवर कोसळते. दुसरी कल्पना अशी की गाभा शक्य तितका लहान ठेवायचा आणि बाकी प्रत्येक काम वेगळ्या खोलीत, वेगळ्या घटकात कोंडायचे. एका घटकाने दुसऱ्याशी फक्त निरोपानेच बोलायचे आणि तेही ज्याच्याकडे किल्ली असेल त्यानेच. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातली माख, टॅनेनबाउम यांची १९८७ची मिनिक्स ही या विचाराची आधीची रूपे. पण निरोपांत फार वेळ जातो म्हणून ही रचना संथ, असा शिक्का बसला. तो पुसला जर्मनीच्या योखेन लिडट्के यांनी १९९०च्या दशकात, एल४ या अतिशय लहान आणि चपळ गाभ्याने.

पुण्याचा या इतिहासाशी संबंध आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. सी-डॅकच्या परम ८०००बद्दल सगळ्यांना माहीत असते. १९९१ साल, विजय भटकर, अमेरिकेने नाकारलेला महासंगणक वगैरे. १९९४च्या परम ९०००वर आकडेमोड करणाऱ्या नोडांसाठी सी-डॅकने पारस हा छोटा गाभा केला होता. फाइली वगैरे सांभाळायला युनिक्स चालवणारे नोड वेगळे. म्हणजे आकडेमोड करणाऱ्या नोडावरच्या प्रोग्रामने ‘फाइल उघड’ म्हटले की ती मागणी निरोप होऊन दुसऱ्या नोडाकडे जायची. बाहेरून आणलेल्या लायब्ररीला वाटायचे आपण नेहमीच्याच युनिक्सवर आहोत. हमालीतले मुख्य कसब हेच, आलेल्या पाहुण्याला घर बदलल्याचे कळू न देणे. जिस्ट आणि पारस एकाच संस्थेत काही वर्षे नांदले. एकीकडे देवनागरी, दुसरीकडे घटकांत वाटलेली सिस्टीम. माझ्या टेबलावर ते दोन धागे तीस वर्षांनी एकत्र आले आहेत.

सध्या या वाटेवर दोन-तीन मोठी कामे चालू आहेत. गुगलची फ्युशिया, जिचा कोड २०१६ साली उघड झाला आणि २०२१पासून ती त्यांच्या घरगुती पडद्यांवर चालू झाली. तिच्या कोडमध्ये ‘तिऱ्हाइतांचे’ असे शब्दशः नाव असलेले एक दालन आहे आणि त्यात हार्फबझ आहे. दुसरी जेनोड, ड्रेस्डेनची. तिथल्या तांत्रिक विद्यापीठातल्या एल४वरच्या संशोधनातून ती निघाली, २००८ साली तिची पहिली आवृत्ती आली आणि २०१८पासून स्कल्प्ट या नावाने ती रोजच्या लॅपटॉपवर वापरता येते. माझे काम जेनोडवर.

आता कशासाठी या प्रश्नाकडे येतो. आमच्या भागात पैसा दोन ठिकाणी मोजला जातो, उसाच्या काट्यावर आणि दुधाच्या संकलन केंद्रावर. दोन्हीकडे आज पेटीत संगणक आहे. वजन घेणारा प्रोग्राम, फॅट मोजणारा प्रोग्राम, पावती छापणारा प्रोग्राम, सगळे एकाच दालनात. आमच्या आबांना दुधाची पावती मिळते ती इंग्रजी अक्षरांत, कारण त्या पेटीला देवनागरी जमत नाही. आबा ती माझ्याकडून वाचून घेतात. पावती मराठीत हवी असेल तर अक्षरजुळणीची आणि फॉन्ट वाचण्याची लायब्ररी त्या पेटीत घालावी लागेल. ती हजारो ओळींची, परक्यांनी लिहिलेली, वजनाच्या प्रोग्रामच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसणार.

हे भय काल्पनिक नाही. १९९६च्या विंडोज एनटी ४.०मध्ये वेगासाठी चित्रे काढण्याचे काम गाभ्यात हलवले गेले. त्यासोबत फॉन्ट वाचणेही गाभ्यात आले. २०११ साली दुकू नावाचा हेरगिरी करणारा प्रोग्राम सापडला. तो वर्डच्या फाइलीतल्या एका मुद्दाम बिघडवलेल्या फॉन्टातून थेट गाभ्यात शिरत होता. मायक्रोसॉफ्टने पुढे विंडोज १०मध्ये फॉन्ट वाचायचे काम गाभ्याबाहेर, स्वतंत्र आणि बंदिस्त खोलीत नेले, म्हणजे शेवटी त्यांनाही खोल्याच कराव्या लागल्या. २०१८च्या फेब्रुवारीत तर शस्त्र म्हणून कोणाचा हात लागण्याचीही गरज पडली नाही. तेलुगूतल्या ज्ञ या जोडाक्षराच्या एका विशिष्ट जुळणीने जगभरचे आयफोन कोलमडत होते, संदेश आला की ॲप बंद. आपल्या लिप्यांची जोडाक्षरे अवघड आहेत आणि ती जुळवणारा कोड चुकू शकतो, हे मान्य करूनच घर बांधावे लागते.

घटकांच्या सिस्टीममध्ये वजन घेणारा एका खोलीत, अक्षरे जुळवणारा दुसऱ्या. अक्षरवाला कोलमडला तर पावती अडेल, वजन बदलणार नाही. काट्यावर विश्वास ठेवायचा तर मग फक्त वजनाची खोली आणि लहानसा गाभा तपासावा लागतो. शेतकऱ्याला मराठी पावती आणि काट्याची खात्री यांत निवड करायला लावू नये, एवढ्यासाठी मी या पोत्याला खांदा दिला.

प्रत्यक्ष हमाली

जेनोडवर क्यूटी फार आधीच आली आहे आणि क्यूटीच्या पोटात हार्फबझ असते. पण एवढ्याशा पावतीसाठी क्यूटीचा अख्खा संसार उचलणे म्हणजे ऊस नेण्यासाठी मालगाडी भाड्याने घेणे. लिनक्सच आभासी यंत्रात घालून वर चढवायचा मार्गही आहे, कॅलथ्रॉपच्या सपाट गाडीसारखा. पण मग विश्वास ठेवायला अख्खा लिनक्स पुन्हा खोलीत येतो. मला सुटी लायब्ररी हवी होती.

जेनोडमध्ये परक्याचा कोड आपल्या कोडात मिसळत नाहीत. एका छोट्या फाइलीत मूळ कोड कुठून आणायचा तो पत्ता आणि त्याची अंकमुद्रा लिहायची, बदल करायचे ते वेगळ्या ठिगळांत ठेवायचे. ठिगळे जितकी कमी तितकी पुढच्या आवृत्तीला त्रास कमी. २०१९पासून यासाठी एक साधन आहे, त्याचे नाव गोआ. (मराठी माणसाने ड्रेस्डेनच्या प्रोग्रामला रोज ‘गोआ’ म्हणून हाक मारायची, यात माझी करमणूक होते.) लायब्ररी ज्या पद्धतीने लिनक्सवर बांधली जाते त्याच पद्धतीने गोआ ती जेनोडसाठी बांधते. तिला कोणकोणत्या सोयी लागतात आणि ती बाहेर कोणती नावे उघडी ठेवते, एवढ्याच याद्या आपण द्यायच्या.

हार्फबझ स्वभावाने गुणी आहे. तिला सी++चा कंपायलर आणि थोडीशी मूळ लायब्ररी सोडली तर कोणाची गरज नाही. जेनोडकडे मूळ लायब्ररी आहे ती फ्रीबीएसडीकडून आणलेली, म्हणजे पोत्याखालीही पोतेच. पहिला गुंता फ्रीटाइपचा. अक्षराची रेषा ठाकठीक करायला फ्रीटाइप हार्फबझला विचारू शकते आणि फॉन्ट वाचायला हार्फबझ फ्रीटाइपला. आधी कोण बांधायची? यावर सगळीकडे एकच तोडगा चालतो. फ्रीटाइप एकदा हार्फबझशिवाय बांधा, तिच्यावर हार्फबझ बांधा, हवेच असेल तर फ्रीटाइप पुन्हा बांधा. पावतीला ते तिसरे बांधकाम लागत नाही, मी दोनावर थांबलो.

दुसरी गोष्ट किल्लीची. लिनक्सवर प्रोग्राम सरळ जाऊन फॉन्टाची फाइल उघडतो. इथे घटकाला फाइलच दिसत नाही. जेनोडमध्ये प्रत्येक घटक कुणाचे तरी मूल असतो आणि आईबापाने हातात दिले तेवढेच त्याचे जग. म्हणून पालकाच्या मांडणीत लिहावे लागते की या मुलाला लोहितची ही एक फाइल वाचायला द्या. दुसरे काहीही नको, नेटवर्क नको, घड्याळ नको. ते लिहिल्यावर पहिल्यांदा पडद्यावर अक्षरे आली. कुर्डुवाडी आले, मोडनिंब आले, माढा आले, टेंभुर्णीचा रफार णीच्या काठीवर बसला.

पण ल हिंदीचा होता. श सुद्धा.

याचा उलगडा व्हायला दोन दिवस गेले आणि तो मला या सगळ्या कामातला सर्वांत बोधक वाटतो. भाषा कोणती हे वापरणाऱ्याने सांगितले नाही, तर हार्फबझ अंदाज करते. लिपी ती अक्षरांवरून ओळखते, देवनागरी. भाषा मात्र ती सिस्टीमला विचारते, इथला मुक्काम कोणता? लिनक्सवर वापरणाऱ्याने कधीतरी मराठी महाराष्ट्र असे निवडलेले असते, ते उत्तर येते. घटकाच्या बंद खोलीत असे काही निवडलेलेच नसते. तेव्हा सी भाषेच्या जन्मापासूनचे जे गाव तेच उत्तर येते, त्या गावाचे नाव नुसते ‘सी’. हार्फबझने प्रामाणिकपणे ‘सी’ भाषेची देवनागरी जुळवली आणि फॉन्टाने आपला नेहमीचा ल दिला. कुठेही चूक नाही, कुठेही इशारा नाही, काही कोलमडले नाही. तपासणाऱ्याला मराठी येत नसेल तर हे कधीच कळले नसते.

उपाय एका ओळीचा, मजकूर देतानाच भाषा मराठी म्हणून सांगायची. मी ती ओळ लायब्ररीत ठिगळ म्हणून न लावता पावतीच्या घटकात घातली. लायब्ररीत घातली असती तर उद्या तीच लायब्ररी नेपाळी किंवा हिंदी पावतीला वापरणाऱ्यावर मराठीचा ल लादला गेला असता. आपल्याला जे खटकले तेच दुसऱ्याच्या माथी मारायचे कारण नव्हते.

त्यानंतर चाचणीच्या याद्या. बेहदादची युक्ती मी लहान प्रमाणात वापरली. माढा, करमाळा, पंढरपूर आणि बार्शी तालुक्यांतल्या गावांची नावे, आडनावे, उसाच्या आणि पिकांच्या जातींची नावे, महिने आणि वार. त्याच यादीची लिनक्सवरची उत्तरे आणि जेनोडवरची उत्तरे तुकड्यातुकड्याने ताडून पाहिली. एकाच आवृत्तीची लायब्ररी आणि एकच फॉन्ट असल्यामुळे उत्तरे तंतोतंत जुळायला हवी होती आणि जुळली. ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ हे शब्द मी वेगळे घातले होते. पापणीचा र दोन प्रकारे लिहिला जातो, ऱ ला हलन्त देऊन किंवा साध्या र ला हलन्त देऊन त्यानंतर एक अदृश्य जोडखूण घालून. जुने टंकलेखन दुसऱ्या पद्धतीचे आहे. दोन्हींना एकच आकार मिळतो, पण शोध घेताना दोन्ही वेगळे शब्द ठरतात. पावतीवरच्या ‘गोऱ्हे’ आडनावाच्या शेतकऱ्याचे खाते नोंदवहीत सापडले नाही, तर दोष अक्षरजुळणीचा नसेल, या दोन लेखनांचा असेल. हे काम वेगळ्या लायब्ररीचे आहे आणि तिची हमाली अजून व्हायची आहे.

एक गोष्ट मात्र फुकट हाती लागली. २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीला जागा मिळाली. हार्फबझमध्ये अवघड लिप्यांसाठी एकच सामाईक यंत्रणा आहे आणि मोडी तिच्यातून जाते. गुगलच्या नोटो मालिकेत मोडीचा फॉन्टही आहे. लोहितच्या फाइलीच्या जागी ती फाइल घटकाला दिली, बाकी एकही ओळ बदलली नाही. मोडीचे अक्षर न अक्षर वाचणारे आमच्या भागातले एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना पडद्यावर ‘टेंभुर्णी’ मोडीत दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “अक्षरं बरोबर आहेत, पण मोडी अशी सुटी सुटी लिहीत नाहीत. हात न उचलता लिहायची असते ती.” त्यांनी कागदावर लिहून दाखवले. तो कागद माझ्याकडे आहे. तसा फॉन्ट कुणी केला, तर त्याला जेनोडवर जागा तयार आहे.